पाककृतीत वाटीसोबत ग्रॅमही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपल्या पुरवणीत पाककृती भरभरून येतात आणि नाशिकमधल्या शेकडो घरांत त्या कापून ठेवल्या जातात. मात्र आता फक्त घरच्या चार माणसांपुरते करणाऱ्याच त्या वाचतात असे नाही. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशा सगळ्या भागांत घरोघरी आणि बचत गटांतून फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातात. पाककृती वाटीची, किराणा किलोचा आणि ऑर्डरही किलोची. वाटीवरून किलोवर जाताना हिशेब चुकला की घाणा बिघडतो आणि बोल मैद्याला किंवा तुपाला लागतो. म्हणून फराळ करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आम्हा काही जणींची एक मागणी आहे: प्रत्येक पाककृतीत वाटी किती मिलीची ते सांगावे आणि वाटीच्या मापाशेजारी ग्रॅमही छापावेत. असे का आणि ते करायचे कसे, ते पुढे लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण आकडे अर्धवट देण्यापेक्षा ते बरे.

सर्वांत जास्त नुकसान उकडीच्या मोदकांत होते. एक वाटी पिठी, एक वाटी पाणी हे प्रमाण सगळ्यांना पाठ असते आणि वाटीने मोजले तर ते बरोबरही आहे. पाचशे मोदकांची ऑर्डर आली की हेच प्रमाण ‘एक किलो पिठी, एक लिटर पाणी’ असे होते, आणि इथेच उकड फसते. १५० मिलीच्या वाटीत पाणी १५० ग्रॅम मावते, तर तांदळाची चाळलेली पिठी फक्त ८५ ते ९५ ग्रॅम. म्हणजे वजनात पिठीपेक्षा पाणी दीडपटीहून जास्त लागते. एक किलो पिठीला १ लिटर ६०० मिली ते १ लिटर ७५० मिली पाणी हवे. एकच लिटर घातले तर पिठीला वाफ पुरत नाही, उकड कोरडी राहते, पारीच्या कडा फाटतात आणि कळ्या नीट पडलेला मोदकसुद्धा चाळणीत ठेवल्यावर तडकतो. अशा वेळी उकड मळताना तेलाचा हात कितीही लावला तरी उपयोग नसतो, कारण दाण्याला शिजताना लागणारे पाणी वेळेवर मिळालेले नसते. आमची पद्धत अशी: किलोला १ लिटर ६०० मिली पाणी उकळायला ठेवायचे आणि आणखी १५० मिली शेजारी गरम ठेवून मळताना लागेल तसे घ्यायचे. जुन्या तांदळाची पिठी ते सगळे पिते, नव्या तांदळाची थोडे उरवते.

भाताचेही असेच. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे वाटीचे प्रमाण. एक किलो तांदूळ भांड्यात सुमारे १,२०० मिली जागा घेतो, म्हणून त्याच हिशेबाने पाणी २ लिटर ४०० मिली होते. ‘एकास दोन’ म्हणून दोनच लिटर घातले, तर प्रत्यक्षात वाटीला पावणेदोन वाट्यांपेक्षाही कमी पाणी पडते. इगतपुरी-त्र्यंबक भागातल्या नव्या इंद्रायणीला ते पुरेल, जुन्या कोलमला पुरणार नाही. मोठ्या पातेल्यात झाकण ठेवून शिजवताना वाफेवाटे जाणारे पाणी त्या मानाने कमी असते. म्हणून दहा किलोच्या भाताला सरळ चोवीस लिटर न घालता दीड-दोन लिटर हातचे राखावे.

वजन आणि माप यांत एवढा फरक पडतो, कारण वाटीत पदार्थाबरोबर हवाही असते. साखरेच्या दाण्याची घनता १.५९ आहे, म्हणजे १०० मिली सलग साखरेचे वजन १५९ ग्रॅम भरले असते. प्रत्यक्षात १०० मिली मापात साखर ८५ ग्रॅमच्या आसपास बसते. जवळजवळ अर्धी जागा दाण्यांमधल्या हवेची. पिठांत हवा याहून जास्त असते आणि ती दाबली की निघून जाते. म्हणूनच साखर दोघींनी मोजली तर फरक किरकोळ पडतो आणि मैदा दोघींनी मोजला तर पाव वाटीपर्यंत पडतो. पाणी, दूध, तेल यांच्यात हवा नसल्याने तिथे वाटी बिनधास्त वापरावी.

खालचे आकडे १०० मिली मापात किती ग्रॅम बसतात याचे आहेत. आपल्या वाटीचे मिली माहीत असले की नुसता गुणाकार करायचा. पाणी १००, दूध आणि घोटलेले दही १०३, तेल ९१ ते ९२, पातळ केलेले तूप ९० ते ९१, मध १४० ते १४२. बारीक मीठ १२० च्या आसपास. साखर ८५. तांदूळ, तूरडाळ, हरभराडाळ, मूगडाळ, उडीदडाळ ही सगळी ८० ते ८५ च्या घरात. रवा ७० ते ७५. मैदा चमच्याने सैल भरला तर ५०, वाटी पिठात खुपसून भरली तर ६० किंवा त्याहून थोडा जास्त. कणीक ५० ते ५८. बारीक बेसन चाळलेले ४०, न चाळलेले ५०, लाडवाचे जाडसर बेसन ५० ते ५५. तांदळाची पिठी ५५ ते ६५, चाळून सैल भरली तर पहिला आकडा धरा. पिठीसाखर चाळून ४५ ते ५०. अख्खे शेंगदाणे ६० ते ६२, कूट ४५ ते ५०. खोवलेले ओले खोबरे ३५ ते ४०. किसलेला गूळ सैल ६० ते ६५, दाबून भरला तर ८५ ते ९०. पोह्यांचा आकडा मुद्दाम दिलेला नाही. जाड, मध्यम, पातळ, भाजके असे इतके प्रकार आहेत आणि त्यांची वजने इतकी वेगळी आहेत की पोहे वजनानेच घ्यावेत.

आता स्वतःची वाटी ओळखण्याविषयी. भांडी बाजारात स्टीलची वाटी घेताना ती वजनावर किंवा सेटवर मिळते. तिच्यात किती मावते हे तिच्यावर लिहिलेले नसते. घरातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत असतात, म्हणजे एका घरची एक वाटी ही दुसऱ्या घरच्या दोन. वजनकाटा असेल तर वाटी काट्यावर ठेवून शून्य करावी आणि काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम, तितके मिली. पाणी काठाच्या वर फुगून राहते, ते बोटाने निपटून मगच आकडा वाचावा, नाहीतर लहान वाटीत पाच-सात मिलीचा फरक येतो. काटा नसेल तर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घ्यावी आणि त्या दुधाने वाटी किती वेळा भरते ते मोजावे. तीन वेळा भरून थोडे उरले तर वाटी १५० ते १६० मिलीची, अडीच वेळा भरली तर २०० मिलीची. एकदा हे कळले की खिळ्याने किंवा न पुसणाऱ्या शाईने वाटीच्या बुडाला आकडा लिहून ठेवावा आणि स्वयंपाकात मापाला तीच वाटी ठेवावी.

वाटीच्या शिगेकडे, म्हणजे काठाच्या वर चढणाऱ्या ढिगाकडे, फार दुर्लक्ष होते. धान्य मापताना शीग लावायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ‘एक वाटी’ लिहिणारी बाई सपाट म्हणते की शिगोशीग, हे पाककृतीत कधीच लिहिलेले नसते. तांदळाची शीग वाटीच्या तोंडावर अवलंबून असते. ८ सेंटिमीटर तोंडाच्या वाटीवर ती सुमारे ४० मिलीची बसते, १० सेंटिमीटर तोंडाच्या वाटीवर जवळपास दुप्पट, ८० मिलीची. म्हणजे उथळ, पसरट वाटी दीडशे मिलीची असेल तर शिगेसकट ती सव्वादोनशेच्या पुढे जाते. भाजणीसारख्या कामात सगळेच शिगेने घेतले तर बिघडत नाही. पण धान्य शिगेने घेतले आणि पाणी घ्यायची वेळ आली की पाण्याला शीग लागत नाही, तिथे प्रमाण मोडते. डोसा, घावन, सांजा, उपमा यांत पाणी कमी पडते त्याचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. पाककृतीत ‘सपाट वाटी’ हे दोन शब्द आले की हा प्रश्न संपतो.

पीठ मोजायची रीतही एकदा ठरवून घ्यावी. डबा उघडून पीठ आधी चमच्याने सैल करायचे, मग चमच्याचमच्याने वाटीत टाकायचे, वाटी ओट्यावर आपटायची नाही, बोटाने दाबायचे नाही आणि शेवटी सुरीच्या पाठीने काठालगत सपाट करायचे. असे केले तर २४० मिलीच्या कपात मैदा १२० ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच कप डब्यात खुपसून, डब्याच्या कडेवर घासून काढला तर १४५ ते १५० ग्रॅम. चार कपांच्या केकमध्ये हा फरक शंभर ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ पाचवा कप मैदा नकळत पडतो. केक मधोमध फुटून वर येतो, कोरडा होतो, आणि पुढच्या वेळी ओव्हनचे तापमान बदलून पाहिले जाते, जे मुळात ठीकच होते. गिरणीतून नुकते दळून आणलेले पीठ गरम आणि फुललेले असते. ते तासभर परातीत पसरून गार करावे आणि मग मोजावे. तेच पीठ डब्यात आठ दिवस बसले की त्याच वाटीत जास्त मावते.

पाककृतीतल्या शब्दांचा क्रमही आम्ही बारकाईने पाहतो. ‘एक वाटी साखर दळून’ आणि ‘एक वाटी दळलेली साखर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५० मिलीच्या वाटीत साखर १२५ ते १३० ग्रॅम, पिठीसाखर ७० ते ७५. एक वाटी साखर दळली की तिची पावणेदोन वाट्या पिठीसाखर होते. लाडवात ही उलटापालट झाली तर एकदा लाडू मिट्ट गोड होतो आणि एकदा फिका लागतो. तसेच खोबऱ्याचे: ‘खोवलेले’ आणि ‘किसून दाबलेले’ यांत निम्म्याचा फरक पडू शकतो. शेंगदाणे भाजून, सोलून, कूट करून मोजायचे की अख्खे मोजून मग कूट करायचे, हे लिहावे. रवा भाजण्याआधी मोजला की नंतर, हेही लिहावे, कारण भाजताना त्यातले पाणी उडते आणि वजन घटते. गुळाला तर वाटी लावूच नये. कोल्हापुरी भेलीचा चिकट गूळ दाबून बसतो, कोरडा गूळ किसला की फुलतो, आणि तिळाच्या वडीत किंवा पुरणात दहा-वीस ग्रॅम गूळ इकडेतिकडे झाला तरी तो हाताला लगेच जाणवतो. पुरण सैल झाले की पुन्हा आटवत बसावे लागते आणि डाळ चिकट होते. पुरणाला कोरडी हरभराडाळ आणि गूळ दोन्ही वजनाने सारखे घ्यावेत, म्हणजे किलोला किलो. ज्यांना कमी गोड हवे त्यांनी गूळ ८०० ग्रॅमपर्यंत आणावा.

तुपाच्या बाबतीत गोठलेले की पातळ, हा प्रश्न आहे. १५ मिलीचा मोठा चमचा पातळ तुपाचा १३ ते १४ ग्रॅमचा असतो. थंडीतले रवाळ तूप त्याच चमच्याने उकरून घेतले की शीग येते आणि २० ते २५ ग्रॅम सहज येतात. नाशिकची डिसेंबरची थंडी लक्षात घेता हे दर हिवाळ्यात होणारच. चिरोट्याच्या साट्यात आणि शंकरपाळ्याच्या मोहनात हा फरक उघड दिसतो: मोहन जास्त झाले तर शंकरपाळी तेलात विरघळून पसरतात, कमी झाले तर दडस होतात. तूप मोजायची सोपी युक्ती म्हणजे तुपाची बरणीच काट्यावर ठेवून शून्य करावी आणि चमच्याने तूप काढत जावे. काट्यावर उणे दिसणारा आकडा म्हणजे काढलेले तूप. चमच्याला चिकटलेले तूप तेवढे भांड्यात पुसून घ्यावे. मध आणि काकवी यांनाही हीच युक्ती उपयोगी पडते, वाटी चिकट होत नाही आणि काही वाया जात नाही.

बाहेरच्या पाककृती वापरताना कप कुठला ते पाहावे. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलीचा असतो, आपल्याकडच्या मापांच्या संचात तो २४० मिलीचा मिळतो, ऑस्ट्रेलियात कप २५० मिलीचा आहे आणि तिथला मोठा चमचा १५ ऐवजी २० मिलीचा आहे. अमेरिकन पाककृतीतली बटरची एक ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची. औंस दोन प्रकारचे आहेत: वजनाचा २८.३५ ग्रॅमचा आणि अमेरिकन द्रवाचा २९.६ मिलीचा. इलेक्ट्रिक राइस कुकरसोबत मिळणारा प्लॅस्टिकचा पेला मात्र बहुतेक १८० मिलीचा असतो आणि भांड्यातल्या पाण्याच्या खुणा त्याच पेल्याप्रमाणे असतात. त्याला कप समजून दुसऱ्या कपाने तांदूळ घातला की पाणी कमी पडते.

वजनकाट्याविषयी थोडे. घरगुती कामाला पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. तो सपाट ओट्यावर ठेवावा, कापडावर नको, आणि पंखा बंद करावा. पंख्याच्या वाऱ्याने हलक्या पिठाचा आकडा दोन-तीन ग्रॅम नाचतो. काटा बरोबर आहे का, हे घरच्या घरी पाहता येते: दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे साधारण ७.७ ग्रॅमचे असते, दहा नाणी ठेवली की ७७ च्या आसपास आकडा यावा. फार फरक दिसला तर आधी बॅटरी बदलून पाहावी. चिमटी-चिमटीने पदार्थ टाकत गेलो तर बरेच स्वस्त काटे ते टिपतच नाहीत, कारण बारीक बदलाला ते शून्याची हालचाल समजतात. अशा वेळी भांडे उचलून पुन्हा ठेवावे, खरा आकडा दिसतो. काही काट्यांवर मिलीचे बटण असते. ते पाण्याचा हिशेब धरते, तेलाला लावू नये. त्या बटणावर २४० दिसेपर्यंत तेल ओतले तर प्रत्यक्षात २६० मिलीच्या वर तेल पडते. आणि विक्रीसाठी वजन करायचे तर घरगुती काटा चालत नाही, वैधमापन शास्त्र विभागाची मुद्रा असलेला आणि दरवर्षी पडताळून घेतलेला काटाच हवा. ऑर्डरी घेणाऱ्या गटांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

दहा ग्रॅमच्या आतल्या गोष्टींना मात्र आम्ही चमचाच सांगतो. एक ग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर तीन ग्रॅम सोडा मोजणे म्हणजे एक तृतीयांश चूक होण्याची शक्यता. ५ मिलीच्या सपाट चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅम, खाण्याचा सोडा जवळजवळ ५, बेकिंग पावडर ४ ते साडेचार, इन्स्टंट यीस्ट आणि हळद प्रत्येकी ३ च्या आसपास, जिरे २, मेथ्या साडेतीनच्या पुढे. अट एवढीच की चमचा खरोखर ५ मिलीचा असावा. औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले झाकण घेऊन घरातला चहाचा चमचा तपासावा. पोह्याचा चमचा १५ मिलीचा नसतो, तो बहुतेक १० मिलीच्या आसपास भरतो. सोड्याला शीग तर अजिबात नको. शीग लावलेला चमचा आठ ग्रॅमपर्यंत जातो आणि ढोकळ्याला साबणासारखी चव येते, हळदीचा रंग लालसर होतो. दहापट घाणा करताना सोडा आणि मीठ चमच्याने दहा वेळा न मोजता एकदा वजन करून घ्यावे, कारण तोवर वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास गेलेले असते आणि काटा तिथे विश्वासाचा असतो.

जुन्या वह्यांतल्या पाककृती वाचक आपल्याकडे पाठवतात, त्यांत तोळे, छटाक आणि शेर येतात. १९३९ च्या कायद्याने शेर ८० तोळ्यांचा ठरला. त्या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅम, छटाक म्हणजे पाच तोळे ५८ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम आणि शेर ९३३ ग्रॅम. पावशेरला पाव किलो धरले तर सात टक्के जास्त पडते. भाजीत ते खपून जाते, पाकाच्या पदार्थात खपत नाही. वही त्याहून जुनी असेल तर शेर स्थानिक असू शकतो. शिवाय आपल्याकडे धान्याचा शेर मापी असे: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे सगळे भांड्याचे माप, वजनाचे नव्हे, आणि त्यात ज्वारी किती भरेल व पोहे किती हे धान्यावर ठरते. मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यानंतरच्या बऱ्याच वह्यांतही शेर चालूच राहिलेला दिसतो. अशा पाककृती छापताना मूळ माप ठेवावे आणि शेजारी ग्रॅम द्यावेत.

तेल विकत घेताना हाच हिशेब पैशांत बदलतो. एक लिटरच्या पिशवीत तेल ९१० ग्रॅमच्या आसपास असते, एक किलो तेल म्हणजे जवळपास १ लिटर १०० मिली. घाण्यावर भाव किलोचा आणि पिशवीवर लिटरचा असेल तर दहा टक्क्यांचा फरक धरूनच तुलना करावी. तेल तापले की फुगते, म्हणून जास्त तापमान धरून मिली छापले तर वजन कमी भरते. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख न करता माप आणि सोबत वजन छापायला सांगितले. पिशवीवरचे ग्रॅम वाचावेत, तेच नेमके आहेत.

सगळीकडे काटा आणावा असे आमचे म्हणणे नाही. चकलीच्या भाजणीत चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ असे प्रमाण असते. ही सगळी धान्ये एका मापात सारख्याच वजनाची बसतात, म्हणून वाटी कोणतीही घेतली तरी आणि वाटीच्या जागी किलो घेतला तरी भाजणी तीच होते. त्याच भाजणीत वाटीभर पोहे आणि अर्धी वाटी धने येतात, तेवढ्यांचे मात्र वेगळे वजन करून ठेवावे. नाहीतर चार किलो तांदळाला कोणी किलोभर पोहे घालते, आणि हलके असल्यामुळे ते एक वाटीच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त होतात. चकली तेल पिते आणि मऊ पडते. शंकरपाळ्यांतले ‘मावेल तेवढा मैदा’ हेही काढून टाकू नये. पावसाळ्यात पिठात ओल जास्त असते, एप्रिलमध्ये कमी, आणि तेवढे अचूक कोणताही काटा सांगणार नाही. फक्त त्याच्या शेजारी अंदाज द्यावा: १५० मिलीच्या वाटीने एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर असेल तर मैदा ४१० ते ४९० ग्रॅम मावतो.

छापताना हे कसे दिसेल, त्याचा एक नमुना देतो. बेसन लाडू, वाटी १५० मिली, सपाट: लाडवाचे जाडसर बेसन ५०० ग्रॅम (सहा ते पावणेसात वाट्या), तूप २७० ग्रॅम (पातळ करून दोन वाट्या), पिठीसाखर ४०० ग्रॅम (चाळून सुमारे साडेपाच वाट्या), वेलदोड्याची पूड एक सपाट चहाचा चमचा, ५ मिली. यात जागा फार तर दोन ओळींची जास्त लागते. पुरवणीच्या वर एकदाच ‘या पानावरची वाटी १५० मिलीची’ असे छापले तर प्रत्येक ठिकाणी ते लिहावेही लागणार नाही. पाककृती पाठवणाऱ्या वाचकांना आपण आपल्या वाटीत किती पाणी मावते ते कळवायला सांगावे आणि ज्यांच्याकडे काटा आहे त्यांच्याकडून पिठे, साखर, गूळ, तूप आणि खोबरे यांचे ग्रॅम मागवावेत. जिथे ते येणार नाहीत, तिथे वर दिलेले १०० मिलीचे आकडे आपण खुशाल वापरावेत. यंदाच्या फराळ पुरवणीपासून ही पद्धत सुरू करावी, ही विनंती.

आपल्या,
फराळ करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या काही वाचक,
पंचवटी, नाशिक